जाऊबाईंना माझी भीती वाटते

दवाखान्यातून घरी आले आणि सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले. त्याचा मला भयंकर राग यायचा. भाजी खारट झाली तरी सासूबाई म्हणायच्या, "लय छान झालीय." विळी मात्र कपाटात, कुलपात. नाशिकच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा. मेथीच्या जुड्या बांधताना मी आणि मोठ्या जाऊबाई पूर्वी कचाकचा भांडायचो. आता मी कशीही जुडी बांधली तरी त्या नुसती मान डोलवायच्या. सगळे मला घाबरत होते आणि तसं कुणी सांगत नव्हतं.

मग दवाखान्यातल्या मॅडम घरी आल्या. माझ्या हातून कुणाला इजा व्हायचा धोका आहे का, हे त्यांना बघायचं होतं. गोळ्या घेते का, झोप लागते का, असं विचारत त्या दारूपर्यंत पोहोचल्या. "आमच्यात सुना पीत नाय," म्हणत सासूबाईंनी चहाचा कप जरा आपटलाच.

"घरात कुणाला यांची भीती वाटते?"

"नाय बा," सासूबाई आणि माझे यजमान एका सुरात म्हणाले.

"मला वाटते," जाऊबाई म्हणाल्या. "हिनं मला ताट फेकून मारलं होतं."

माझं डोकंच सणकलं. "लागलं नव्हतं तुम्हाला!"

"नाय? मग हे काय हाय?" त्यांनी कोपर मॅडमच्या नाकासमोर धरलं.

"ते तुम्ही बांधावर पडलात तेव्हाचं!"

मॅडमनी शांतपणे विचारलं, ताट फेकण्याआधी काय झालं होतं? यावर मात्र आमचं एकमत झालं. मी गोळ्या सोडल्या होत्या, झोपत नव्हते, आणि जाऊबाई माझ्या जेवणात काहीतरी कालवतात असं मला वाटायचं. "असं परत दिसलं तर गप्प बसू नका. यांना सांगा आणि लगेच मला फोन करा," मॅडम म्हणाल्या. सध्या तसं काही नव्हतं, म्हणून धोका कमी आहे, असंही त्यांनी सांगितलं.

ऐकून बरं वाटलं. पण खरं सांगू? ओरडून जास्त बरं वाटलं.

मॅडम गेल्यावर जाऊबाई मेथीचा भारा ओढत माझ्याशेजारी येऊन बसल्या. "ही काय जुडी हाय? द्वारकेच्या चौकात फुकट दिली तरी कुणी नेणार नाय."

"भीती वाटते ना माझी? मग बसा तिकडं."

"वाटते की," माझी जुडी सोडत त्या म्हणाल्या. "म्हणून काय तुला एकटीला बसू देऊ?"