रबर प्लांटची पानं

आधीच सांगतो, भूतखेत, आत्मा वगैरे मी कधीच मानलं नाही. कुणी असे किस्से सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय...

आम्ही मूळचे अकोल्याचे. बँकेच्या नोकरीमुळे सुरतला आलो आणि इथेच राहिलो. पर्वत पाटियाजवळ तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. आसपास सगळा कापडाचा धंदा, त्यामुळे धूळ आणि बारीक तंतू दिवसभर घरात येतात. सकाळी पुसलेला टीव्ही संध्याकाळी पांढुरका दिसतो.

वंदनाला, माझ्या बायकोला, झाडांचं वेड. हॉलमध्ये मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि खिडकीशी तिचा लाडका रबर प्लांट. दर रविवारी ती जुन्या सुती साडीच्या फडक्याने एकेक पान पुसायची — खाली तळहात धरून, लहान मुलाचं तोंड पुसावं तशी. शेवटी हॉस्पिटलमध्येही म्हणाली, "पाणी बेताने घाला हो. आणि पानं पुसत जा, गुदमरतात ती."

ती गेली. पाणी मी घालत होतो, पण ते फडकं काही हातात घेववेना.

एकदा शेजारच्या जयाबेन आल्या. झाडांकडे बघून म्हणाल्या, "भाई, छोड तो बहु सरस राख्या छे तमे!" म्हणजे झाडं फार छान ठेवलीत तुम्ही. तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. टेबलावर धूळ, टीव्हीवर धूळ, अगदी कुंडीच्या काठावरही... आणि पानं मात्र लखलखीत.

वाटलं, कामवाली पुसत असेल. विचारलं, तर ती म्हणाली, "नाही काका, काकूंच्या झाडांना मी हात नाही लावत."

पुढे अस्थी विसर्जनासाठी नाशिकला आणि तिथून अकोल्याला गेलो. घर बंद, किल्ली माझ्याच खिशात. परत आलो तर सोफ्यावर बोट फिरवलं की रेघ उठत होती. रबर प्लांटच्या पानात मात्र खिडकी दिसत होती. भीती नाही वाटली. तिथेच खाली बसलो आणि ती गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडलो.

मग मी रोज सकाळी उठून आधी झाडांकडे जायचो.

दिवाळीत मुलगी, ऋतुजा, पुण्याहून आली. रविवारी मी भाजी घेऊन घरात शिरलो, तर ती आईचं फडकं घेऊन पानं पुसत होती. खाली तळहात धरून, अगदी तशीच.

"आईचं काम मी करते आता," ती म्हणाली. डोळे भरलेले.

मी भाजीची पिशवी ओट्यावर नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून पानांवर धूळ बसायला लागली. घरातल्या इतर वस्तूंवर बसते, तशीच.

हे काय होतं, अजून कळलेलं नाही. ऋतुजाला काही सांगितलेलं नाही. पोर उगाच मनाला लावून घेईल. तिचा फोन येतो, "बाबा, पानं पुसता ना?"

"पुसतो गं."

खरंच पुसतो. फक्त खिडकीकडचं एक पान मुद्दाम सोडतो... आणि सकाळी जाऊन बघतो.