झिरा खणणारी पोरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोरींना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते. पण ऐकून 'बाई, जाऊ द्या' म्हणू नका. त्या शब्दांनी डोकंच उठतं माझं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस? दोन वर्षं पत्ता नाही. मी गावच्या शाळेत बाई होते. जिल्ह्याहून साहेब आले — निवासी शाळेसाठी सातवीतलं एकच पोर निवडायचं होतं. त्यांनी फळ्यावर चित्र टांगलं: समुद्र, वाळू, वाळूत खड्डा करणारी तीन पोरं. काय दिसतं, सांगा. सगळे पोपट — 'मुले आनंदाने खेळत आहेत.' डोंबलाचा आनंद! समुद्र पाहिला होता कुणी? मी तरी?

विमल उठली. बौद्धवाड्यातली. "खेळत न्हाईत, साहेब. झिरा खणायलेत. म्होरलं पाणी खारट असंल, म्हणून वाळूतलं गोडं काढायलेत."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. तुला गं कसं ठाऊक?

"आमच्या लोकांनी नदीत खणलाय की झिरा. बाईबी तिथलंच पाणी नेतात."

मागं सरपंच बसले होते, शेजारी माझे सासरे. घरी मी सांगत होते, पाणी सरकारी विहिरीचं. आणि रोज सकाळी माझी कळशी भरून देत होती विमलची आई — सोवळं तेवढं आमच्या घरात!

खरं का बाई, साहेबांनी विचारलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. माझ्या जिभेला काय लकवा झाला होता? मी म्हणाले, खोटारडी आहे ती, साहेब. पहिल्यापासून.

पहिल्यापासून! हे विचारलं होतं का कुणी मला?

साहेबांनी सरपंचांच्या पुतण्याचं नाव लिहिलं. सरपंच हसले. मीही हसले, निलाजरी. आठवड्यात विमल दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. भीती वाटली म्हणू? वाटली. पण बोलले ते मी, भीती नव्हे.

आणि साहेब येऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कळशी घेऊन पुन्हा झिऱ्यावर गेले. विमलच्या आईला सगळं कळलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. वाटीवाटीनं कळशी भरली, वर फडकं बांधलं आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

मी ती उचलली.