छप्पर, पंप आणि एक नारळ

चालू असलेल्या वस्तूवर माझ्या साडूंचा काडीचा विश्वास नाही. पंखा फिरत असेल तर तो का फिरतोय हे बघायला ते स्टुलावर चढतात आणि खाली उतरतात तेव्हा पंखा थांबलेला असतो. आमची चांगली इस्त्री त्यांनी 'जरा मोकळी करून' दिली, तेव्हापासून ती फक्त कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या कामाची राहिली आहे. अशा माणसाने निवृत्तीनंतर उघडत्या छपराची जुनी गाडी घ्यावी आणि तिचं छप्पर आठवड्याभरात उघडेनासं व्हावं, यात नवल काहीच नाही. माझं दुर्दैव एवढंच, की ते नवीन पनवेलला राहतात आणि मी विचुंब्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. दर रविवारी सकाळी फोन यायचा, "साडूभाऊ, पाचच मिनिटं या, बॅटरी धरायला." त्या पाच मिनिटांत माझं दुपारचं जेवण निवून जायचं.

गाडीचा सोस उगाच नव्हता. लेक लहान असताना स्कूटरवर पुढे उभी राहायची, तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला होता, "तुझी पाठवणी उघड्या गाडीतून करीन." आता लग्न तोंडावर आलं होतं, लेक बंगळुरूला जायची होती आणि छप्पर ढिम्म. साडूंनी छप्पर उचलणाऱ्या पंपातलं तेल तीनदा काढून स्वयंपाकघरातल्या कावळ्याने, म्हणजे तेलाच्या चोचीच्या भांड्याने, परत भरलं. माझ्या मेहुणीने, म्हणजे ताईंनी, तो कावळा त्यांना कायमचा देऊन टाकला. एकदा त्यांनी पंपाच्या वायरी थेट गाडीच्या बॅटरीला लावल्या, तर तो मस्त घुमला. बटण दाबलं की मात्र गप्प. "म्हणजे तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणाले, "फक्त इच्छा नाही." कामोठ्याहून आलेल्या मेकॅनिकने डोकं खाजवून सुचवलं, "काका, छप्पर कापून टाकू ना लग्नापुरता. आता पाऊस थोडीच हाय?" साडू त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी एकदा म्हणालो, "दादा, कंपनीत दाखवू या." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बॅटरी आणखी सरळ धरली.

पाठवणीची वेळ आली तरी तेच. हॉलच्या दारात फुलांनी सजलेली गाडी, छप्पर बंद, आणि नव्या धोतरात घामाघूम झालेले साडू ड्रायव्हरच्या जागेवर बसून बटण दाबताहेत. नवरी म्हणत होती, "बाबा, राहू दे ना, अशीच जाते मी." त्यांचा चेहरा मला बघवेना. इतक्यात कुणीतरी ओरडलं, ओटीचा नारळ कुठे गेला? ताई तरातरा गाडीमागे गेल्या, डिकी उघडली, आतल्या आडव्या पडद्याखालून एक नारळ काढला आणि डिकी धाडकन लावली. त्याच क्षणी घुर्र आवाज झाला आणि छप्पर सावकाश उचललं गेलं.

गाडी घेतली त्याच आठवड्यात, एकदा छप्पर अडखळलं म्हणून, ताईंनी नवस बोलून तो नारळ तिथे ठेवला होता. छप्पर नीट उघडलं की फोडायचा. त्या नारळामुळे पडदा खाली बसत नव्हता, आणि उघडलेलं छप्पर डिकीत त्याच पडद्यावर घडी होऊन बसतं, म्हणून पडदा बसल्याशिवाय गाडी पंपाला वीजच देत नव्हती. आम्ही सगळे हसत सुटलो. साडू तेवढे हसले नाहीत, ते वळून लेकीकडे बघत होते. नवसाचा नारळ ओटीत घेऊन ती उघड्या गाडीतून हात हलवत गेली.

त्यानंतर छप्पर उत्तम चालत होतं, म्हणून दोन रविवार फोन आला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण करमेना. तिसऱ्या रविवारी आला. "साडूभाऊ, छप्पर पुन्हा अडकलंय हो." मी चडफडत गेलो आणि आधी डिकीच उघडली. पडद्याखाली नवा नारळ होता.

"दादा, हा काय प्रकार?"

"नवस फेडायचा राहिलाय ना," ते पंपाकडे बघत म्हणाले. "लेक दिवाळीला आली की तिच्या हातून फोडू." मग थोड्या वेळाने म्हणाले, "घरात फार शांत वाटतं हो."

मी नारळ होता तिथेच ठेवला, डिकी हळूच लावली आणि विचारलं, "बॅटरी कुठे धरू?"