यंदाचे दिवाळी अंक आणि माझा उजवा डोळा

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा होती, पण घरच्यांनी पाठवलं नाही. वाचायला मात्र येत होतं, आणि तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं.

डावा डोळा आधीच गेला होता. गेला म्हणजे अंधार झाला नाही, मधोमध डाग पडला. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, कडेचं सगळं दिसतं. समोर माणूस बसला तर कान दिसतात, नाक नाही. गेल्या उन्हाळ्यात उजव्या डोळ्यातही तेच सुरू झालं. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. ती मी महिन्याच्या महिन्याला घेत होते. म्हातारपणी फार काही मागू नये. उजवा डोळा दिवाळी अंकांपुरता टिकावा, एवढंच माझं मागणं होतं.

आम्ही कसबा पेठेत राहतो. गल्लीच्या तोंडाशी वाचनालय आहे. दिवाळीत एकदाच वर्गणी भरायची आणि अंक बदलून बदलून न्यायचे, अशी तिथली पद्धत. होळीपर्यंत अंक पुरतात. फराळ चार दिवसांत संपतो, त्यामानानं हे बरं.

वाचनालयाची पुस्तकं वाचणाऱ्या आम्हा बायकांची एक खोड आहे. पुस्तक वाचून झालं की ठरलेल्या पानावर पेन्सिलीनं खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. नावं कोण लक्षात ठेवतो? माझं पान एकवीस. आकड्याखाली टिंब. पुस्तक आवडलं तर दोन टिंबं, आणि अगदीच टाकाऊ निघालं तर फुली. दुसऱ्या कुणाची चांदणी असते, कुणाची रेघ. एक बाई दर पुस्तकात सदतिसाव्या पानावर फुली मारते. तिला काहीच आवडत नाही. तिची माझी ओळख नाही, पण तिच्याशी माझं बरंच पटतं.

फुली मी फार पुस्तकांना दिली. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी होती. सगळे तिची तारीफ करत होते. पानंच्या पानं लढाई, हजारो माणसं जेवून उठतात आणि भांडी कोण घासतं ते कुठंही लिहिलेलं नाही. आमचं घर तांब्याच्या भांड्यांवर चाललं. हे भांडी ठोकायचे, मी चिंच लावून घासायचे. मला असल्या गोष्टी दिसतात. फुली.

भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक बरं होतं, पण त्यातली भुतं फक्त मोठ्या घरांत यायची. दोन खोल्यांत त्यांना उभं राहायला जागा नसावी. एक टिंब.

दोन टिंबं दिलेली पुस्तकं थोडी. त्यांतलं एक, कुठल्याशा आडगावी नोकरी केलेल्या नर्सनं लिहिलेलं. तिनं एकदाही ‘सेवा’ हा शब्द वापरलेला नाही. पाय दुखतात, पाणी नाही, बाळंतीण मेली, सकाळी पुन्हा कामावर, असं लिहिलंय. ते मी मुद्दाम पुन्हा पुन्हा आणलं. दोन टिंबं असून आणलेलं तेवढं एकच.

टीव्हीबद्दल माझं मत चांगलं नाही. सणाचे खास कार्यक्रम तर मी तोंडी लावायला म्हणून बघते. दिवाळीच्या खास भागात वर्षभर विष कालवणारी जाऊ एका दिवसात सुधारते आणि सगळे मिळून चकली खातात. चकली मोडल्याचा आवाजसुद्धा येत नाही. पहाटेच्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदन करणारी बाई प्रत्येक गाण्याआधी इतकं बोलते की गाणं सुरू होईपर्यंत उटणं वाळतं. थर्टी फर्स्टच्या कार्यक्रमात टाळ्या वाजतात आणि टाळ्या वाजवणारे दिसत नाहीत. तरी हे सगळं ऐकून चालतं. पुस्तकाचं तसं नाही.

नवरात्रात उजव्या डोळ्यानं ओळीतला मधला शब्द गिळायला सुरुवात केली. ‘ती’ दिसायचं, ‘गेली’ दिसायचं, मधे कुठं गेली ते नाही. मी मान वाकडी करून वाचायचे. मग तेही जमेना. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तपासणी होती. डॉक्टर तरुण आहे, मुलीसारखी. समोरच्या फळीवरची अक्षरं वाचायला लावली. मी म्हटलं, “फळी दिसते.”

ती म्हणाली, “आणि अक्षरं, आजी?”

“अक्षरं तुम्हीच वाचा. तुम्ही शिकलेल्या आहात.”

ती हसली नाही. म्हणाली, “आता इंजेक्शनचा उपयोग होणार नाही. थांबवू या. जेवढं दिसतंय, कडेचं, तेवढं राहील.”

हे बाजूला बसले होते. भांडी ठोकून ठोकून यांचे कान गेलेत. ते मोठ्यानं म्हणाले, “काय म्हणतात? बरं झालं का?” बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, “हो, झालं.”

मुलगी वाघोलीला असते. तिनं येऊन माझ्या फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. ऐकली. एक बाई वाचते. लग्न असो की खून, तिचा आवाज तसाच गोड, बँकेतून फोन आल्यासारखा. मी मुलीला सांगितलं, “हिला कुणी मारलं तरी ही असंच बोलेल.” मुलगी म्हणाली, “आई, तू ना, कशालाच चांगलं म्हणू नकोस.” खरं आहे.

मग हे म्हणाले, “मी वाचून दाखवतो.”

यांनी जन्मात पुस्तक वाचलेलं नाही. पेपरातले निधनाचे फोटो बघतात, ओळखीचं कुणी दिसलं तर नाव मोठ्यानं वाचतात. पण म्हणाले, म्हणून पाडव्याला यांनीच वाचनालयातून पहिला अंक आणला. दुपारी जेवून आम्ही बसलो. मला कथा हवी होती. यांनी मुखपृष्ठापासून सुरुवात केली. किंमत वाचली, छापखान्याचा पत्ता वाचला, हिंगाची जाहिरात वाचली.

“अहो, कथा वाचा.”

“येतेय ना. मधलं सोडायचं कसं?”

कथा आली. यांना स्वल्पविराम माहीत नाही. पाढे म्हणावेत तसं वाचतात, आणि कानांमुळे ओरडून. एक प्रेमाचा प्रसंग होता, तो यांनी असा वाचला की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. दारातूनच म्हणाली, “काकू, सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे. काका वाचताहेत.”

“बाई गं! मला वाटलं भांडण झालं.”

पुढच्या दिवसांत यांनी उपाय काढला. पानं उलटल्याचा आवाज भराभर यायला लागला. मी विचारलं, “मधलं कुठं गेलं?” तर म्हणे, “काही नाही, बायका बोलताहेत.” बायका बोलतात तेवढ्यासाठीच तर मी वाचत आले. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

नंतर आणलेल्या अंकात एक कथा लागली. एक म्हातारी एसटी स्टँडवर कांद्याचं पोतं घेऊन बसली आहे. मुलगा न्यायला येणार आहे. येतो की नाही कळत नाही, आणि लिहिणाऱ्यानं तिला रडवलेलंही नाही. ती पोत्यातले सडके कांदे वेगळे करत बसते. मला ती म्हातारी आवडली. दोन टिंबांची कथा होती. हे मधेच थांबले. मला वाटलं, चष्मा पुसताहेत.

“अगं, हे वाचलंयस तू,” हे म्हणाले. “एकवीसवर टिंब आहे. उगाच कशाला पुन्हा?”

मी म्हटलं, “अहो, हा यंदाचा अंक आहे. परवा आलाय. तुम्हीच आणलात.”

“मग दुसऱ्या कुणाचं असेल टिंब.”

“दाखवा कुठंय.”

मला दिसत नाही हे माहीत असून यांनी अंक माझ्यापुढे धरला. मला अंकाच्या कडा दिसल्या आणि यांची बोटं. मग हे पलंगाकडे गेले. “मला झेपत नाही गं,” म्हणाले, आणि उशीवर डोकं टेकलं. जरा वेळात घोरायला लागले. दुपार होती. खाली तांबट आळीकडून ठोकण्याचा आवाज येत होता.

मला राग यायला हवा होता. आला नाही. कांदे निवडायला त्या म्हातारीला डोळे तरी होते, एवढं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाचनालयात गेले. रस्त्याची कड दिसते, तिच्या आधारानं जाता येतं. अंक टेबलावर ठेवला आणि म्हटलं, माझं नाव काढा.

वाचनालयवाले म्हणाले, “काकू, वर्गणी तर भरलीये. काका नेतील की अंक.”

“काका नेतील. वाचणार नाहीत.”

“मग मुलीला सांगा.”

“ती वाघोलीहून गोष्ट वाचायला येणार आहे का?”

त्यांनी अंक उचलून घेतला. मग म्हणाले, “आजवर इतकं वाचलंत.” जसं काही पोट एकदा भरलं की पुन्हा भूक लागत नाही. मी त्या कथेतल्या म्हातारीबद्दल विचारणार होते, मुलगा आला का म्हणून. पण ते अंक देतात-घेतात, वाचत नाहीत. मागं दोन माणसं उभी होती. मी बाजूला झाले.

मुलीला फोनवर विचारलं, तो अंक कुठं मिळेल का. म्हणाली बघते. पुढे विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

आता टीव्ही राहिला. आवाज मोठा ठेवला की यांनाही ऐकू येतं. संक्रांतीला दुपारी मालिकेतल्या बायकांचा हळदीकुंकवाचा खास कार्यक्रम होता. पडद्याच्या कडेला झेंडूच्या माळा दिसत होत्या, मधे काही नाही. कुणीतरी उखाणा घेत होतं आणि बाकीच्या हसत होत्या.

“कोण आहे हो?” मी विचारलं.

“बाई आहे.”

“कशी आहे?”

यांनी नीट बघितलं. “साडी नेसलीये.”

“कसली?”

“काळी.”

“संक्रांत आहे, काळीच असणार. काठ कसले आहेत?”

“आहेत काठ,” हे म्हणाले, आणि तिळगुळाची वाटी माझ्याकडे सरकवली.