आखूड होत गेलेले मोजे

आमच्या वहिनीशी भांडायचं तर आधी पोटभर जेवून घ्यावं लागतं. ती आवाज चढवत नाही, रडत नाही, उठून जात नाही. आपलं म्हणणं धरून बसते आणि शेवटी समोरचाच दमून पाणी प्यायला उठतो. मी तिची नणंद. दादाच्या बिऱ्हाडाखालच्या मजल्यावर एका खोलीत राहते, औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसते, आणि राग माझ्या नाकावर असतो असं घरात सगळ्यांचं एकमत आहे. वहिनी एरवी मला ताई म्हणते. चिडली की वन्सं म्हणते. त्या वर्षी अख्खा डिसेंबर मी वन्संच होते, आणि त्याला कारण होते नाताळचे मोजे.

वहिनी मोज्यांच्या कारखान्यात काम करते. यंत्रातून मोजा बाहेर येतो तेव्हा त्याची बोटांकडची बाजू उघडीच असते. ती बंद करणं हे वहिनीचं काम. समोर एक गोल चकती फिरत असते, तिच्या कडेला बारीक खिळ्यांची रांग. एकेका खिळ्यावर मोज्याचं एकेक घर, म्हणजे विणीतला फासा, चढवायचा, मग यंत्र टाका घालत पुढे जातं. एक घर सुटलं की मोजा तिथून उसवत जातो आणि मुकादम डोकं खातो. इतकी वर्षं हे केल्यावर वहिनीला यंत्राचीही गरज उरलेली नाही. हातात सुई दिली तर विणलेल्या कापडाचे दोन तुकडे ती घरात घर घालून असे जोडते की जोड शोधून सापडत नाही. कारखान्यातला डागी माल ती दुरुस्तीला घरी आणते, त्याचे वेगळे पैसे मिळतात.

थोरली झाली तेव्हा घरात दोन पगार येत होते. दादा गोदामात माल चढवायचा, खांदे असे की दारातून आडवा आत यावा. वहिनीनं त्या आनंदात कारखान्यातल्या उरल्यासुरल्या लोकरीचा एक लाल मोजा विणला, वर पांढरी पट्टी. तो घालायला नव्हता, नाताळला टांगायला होता, आणि लांबीला वहिनीच्या हाताएवढा होता. मी तेव्हा विचारलंही होतं, बाळ जन्माला घातलंस की जिराफ. पुढे मधला झाला, मग शेंडेफळ असलेली धाकटी झाली, आणि तसेच आणखी दोन मोजे विणले गेले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते खिडकीच्या गजांना टांगायचे आणि सकाळी ते भरलेले असायचे. सगळ्यात तळाला संत्रं, त्यावर अक्रोड, खडीसाखर, रंगीत पेन्सिली, आणि तोंडातून डोकावणारं काहीतरी मोठं. एखादी बाहुली, एखादी पत्र्याची मोटार.

मग गोदामात एक खोकं दादाच्या खांद्यावर आलं. खांदा बसवला, पण तो कामाचा राहिला नाही. दादा आता कुठे कुठे दारावर बसायची कामं करतो, मिळतील तेव्हा. कारखानाही आठवड्यातले काही दिवस बंदच राहू लागला. त्यानंतरच्या पहिल्या नाताळात मोजे अर्धेच भरले आणि खिडकीत लोंबत राहिले. धाकटीनं आपल्या मोज्यात कोपरापर्यंत हात घातला, आतल्या आत चाचपलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "आई, अजून कुठे आहे?"

वहिनीनं तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. त्या वेळचा तिचा चेहरा मात्र आठवतो. त्या चेहऱ्याकडे बघून मी भांडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी मी काहीतरी मागायला वर गेले तर वहिनी मांडीवर मोजा आणि हातात कात्री घेऊन बसलेली. पोटरीच्या जागी तिनं एकच धागा कापला आणि ओळभर ओढून काढला. मोज्याचे दोन तुकडे झाले. मग तिनं वरच्या तुकड्याच्या ओळी एकेक करून उसवल्या, निघालेली लोकर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळली आणि सुई घेऊन दोन्ही तुकडे परत जोडले. मोजा चार बोटं आखूड झाला. मी त्याला उलटसुलट करून पाहिलं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"मुलांना कळेल ना," मी म्हटलं.

"नाही कळणार. मुलं वाढतात, ताई. लहानपणची प्रत्येक वस्तू पुढे लहानच वाटायला लागते. हाही तसाच वाटेल."

"आणि एवढा खटाटोप कशासाठी?"

"मोजा भरलेला दिसला पाहिजे. अर्धा रिकामा मोजा बघितला की घरात काय चाललंय ते पोरांना न सांगता कळतं. ते त्यांना कळायला नको, बास."

मी म्हटलं, मी आणते ना काहीतरी, वरची जागा भरून काढू. तर म्हणाली, "तू आणशील ते आत्याचं म्हणून दे, आवडीनं घेतील. मोज्यात जाईल ते आमच्या घरातलं असेल, वन्सं." इथे ती पहिल्यांदा वन्सं म्हणाली. मी पाणी प्यायला उठले.

असं दर वर्षी होत गेलं. मुलं वाढत होती आणि मोजे आखडत होते. खिडकीत मात्र तीन टम्म भरलेले मोजे दिसायचे, आणि वहिनीचं म्हणणं खरं ठरलं. कुणाला काही कळलं नाही. दादालाही नाही. दादाला तसं दारावर नवं तोरण लावलं तरी आठवड्यानं कळतं, पण मुलांनाही नाही.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी दिवाळं निघायचंच काय ते बाकी होतं. वहिनीनं डागी मालाचे जास्त गठ्ठे आणायला सुरुवात केली आणि ते एकटीनं उरकेनात, म्हणून तिनं थोरलीला हाताशी घेतलं. घर कसं धरायचं, सुई कुठून आत घालायची, धागा किती ओढायचा, सगळं शिकवलं. शाळेतून आली की पोर आईशेजारी खिडकीत बसायची. तिची मान खाली, आईची मान खाली. मला ते बघवत नव्हतं.

"तिला खेळू दे की जरा," मी म्हटलं.

"शिकलेलं काही वाया जात नाही, वन्सं. आणि हात बघ तिचा. माझ्यापेक्षा हलका आहे." हे सांगताना वहिनीच्या आवाजात अभिमान होता. तिच्याकडे मुलांना देण्यासारखं हे एवढंच होतं, आणि ते तिनं चांगलं निवडून दिलं होतं.

नाताळच्या आदल्या दुपारी दादा तिन्ही मुलांना बाजारातली रोषणाई दाखवायला घेऊन गेला. बघायला पैसे पडत नाहीत, हा त्याचा आवडता विनोद. मी वर गेले तेव्हा वहिनीनं पलंगावर सामान मांडलं होतं. तीन संत्री, मूठभर अक्रोड, पेन्सिली, धाकटीसाठी शिट्टी, मधल्यासाठी भोवरा, थोरलीसाठी केसांची पिन. तीन वाटण्या केल्या की प्रत्येक वाटणी ओंजळीत मावत होती. या वेळी बऱ्याच ओळी काढाव्या लागणार, असं म्हणत तिनं कपाटावरून मोज्यांचं गाठोडं खाली घेतलं.

मधल्याचा मोजा निघाला. धाकटीचा निघाला. थोरलीचा निघाला, तो जेमतेम तळहाताएवढा होता.

मला आधी वाटलं, उंदरानं खाल्ला. वहिनीनं तो उलटा केला, खिडकीपाशी नेला आणि ती त्यावरून अंगठा फिरवत गेली. मग अंगठा थांबला.

"इथे जोड आहे," ती म्हणाली.

"तुझाच असेल."

"माझे मला माहीत आहेत. मी घातलेले तर हिनं सगळे काढून टाकलेत." तिनं मोजा डोळ्यांजवळ नेला. "चांगला घातलाय. शेवटचं घर तेवढं जास्त ओढलं गेलंय."

हे ती कारखान्यात माल तपासताना बोलावं तशा आवाजात बोलली. मग पलंगाच्या कडेवर बसली. गाठोड्यात पुठ्ठ्याचा तो तुकडा होता, दर वर्षीची लोकर गुंडाळलेला. तो आता दुप्पट जाड झाला होता. पोरीनं आपल्या मोज्यातली लोकर आईच्याच लोकरीवर नीट गुंडाळून ठेवली होती.

मला समजायला वेळ लागला, वहिनीला नाही. जोड घालायला शिकलेल्या माणसाला जोड दिसतो. थोरलीनं कधीतरी हे गाठोडं उघडलं असणार, आणि जिथे आम्हाला नुसता लाल मोजा दिसायचा तिथे तिला एकामागून एक वर्षं दिसली असणार. कोणत्या साली किती गेलं, सगळं. मग तिनं आपला मोजा आखूड करून आपला वाटाच कमी केला, म्हणजे बाकीच्या दोघांना पुरेल.

"मीच शिकवलं तिला," वहिनी म्हणाली.

वहिनीशी वाद जिंकायची संधी मला आयुष्यात फार वेळा आलेली नाही. ही होती, आणि मला ती अजिबात नको होती.

थोड्या वेळानं वहिनीनं सुई घेतली. "परत वाढवते. लोकर सगळी आहे. होता तेवढा करते."

"आणि भरणार कशानं?" मी म्हटलं. जिभेला हाड नसतं ते असं. मी काही तिला लागावं म्हणून बोलले नव्हते, पण खरं होतं ते बाहेर पडलं. वहिनीनं पलंगावरच्या वाटण्यांकडे पाहिलं. लांब मोजा थोरलीला पुन्हा लहान करू शकत नव्हता, तो फक्त लोंबत राहिला असता. तिनं सुई गादीत खोचून ठेवली आणि तोंडावर पदर धरून ती रडली, आवाज न करता. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

थोरलीच्या मोज्यात संत्रं घातलं आणि तेवढ्यानंच तो भरला. पिन वरून खोचावी लागली. तिच्या वाटणीतलं उरलेलं सगळं इतर दोन मोज्यांत गेलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यातली एकही ओळ काढावी लागली नाही.

सकाळी मी वर गेले तेव्हा धाकटीची शिट्टी जिन्यातूनच ऐकू येत होती. थोरलीनं आपला मोजा काढून सगळ्यांना दाखवला. "केवढा गच्च भरलाय माझा," ती म्हणाली.

"पण एवढासाच?" मधल्यानं विचारलं.

"मोठ्या मुलांचा लहानच असतो. तू मोठा झालास की तुझाही होईल."

दादा हसला. मला त्या पोरीचा भयंकर राग आला. तिनं रुसायला हवं होतं, पाय आपटायला हवे होते, मला बाहुली का नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. तिचं वय तेच होतं. त्याऐवजी ती आईसारखी शांत उभी होती, आणि तिच्याशीही आता भांडून उपयोग नाही हे मला स्पष्ट दिसत होतं.

वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मी दारात उभी होते. थोरली माझ्या शेजारून आत आली आणि मोज्यातलं संत्रं तिनं आईच्या विळीशेजारी ठेवलं, सगळ्यांना फोडी करायला. मग बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मधल्याचा मोजा मी करते. तो हल्ली सगळं फूटपट्टीनं मोजत असतो. म्हणून थोड्याच ओळी काढाव्या लागतील."

मला वाटलं, वहिनी आता काहीतरी बोलेल. पुढच्या वर्षी तशी वेळ येणार नाही म्हणेल, खोटं का होईना. तिनं विळीवरचा हात थांबवला, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पांढऱ्या पट्टीच्या जवळचं काढू नकोस. तिथे लगेच कळतं."

"बरं," थोरली म्हणाली. वहिनी जराशी बाजूला सरकली, आणि पोर तिच्याशेजारी बसून संत्रं सोलायला लागली.