बंडूसाठी घर बघताना

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहा खाली ठेवा. मी चेन्नईत काय करून बसलो ते ऐकताना पल्लवीच्या भावाच्या नाकातून चहा आला होता. पल्लवी म्हणजे माझी बायको. या गाढवपणात निम्मी भागीदार, पण चारचौघांत सांगताना म्हणणार, "यानेच केलं!"

तर बंडू. सिरुसेरीला आमच्या ऑफिसच्या गेटसमोर या कुत्र्याला कुणीतरी बाइकने उडवलं होतं. मागचा पाय मोडलेला, एक कान फाटका. पल्लवीने ओढणीत गुंडाळला आणि आणला घरी. डॉक्टर म्हणाले, "पाचेक वर्षांचा असेल." घरमालक म्हणाले, "पाय बरा होईपर्यंत ठेवा. पुढे नाही."

पाय बरा व्हायला तीन महिने लागले. तेवढ्यात मी त्या कुत्र्याला असा तयार केला म्हणता! 'बस' म्हटलं की बसणार. 'थांब' म्हटलं की पुतळा. पुढ्यात चिकन ठेवा, लाळेचं तळं होईल, पण 'घे' म्हटल्याशिवाय तोंड लावायचा नाही. रस्त्यावर वाढलेला कुत्रा हो! पोराचा बोर्डात नंबर आल्यासारखा मी ऑफिसात व्हिडिओ दाखवत फिरायचो.

पण घर मिळेना. लोकांना हवं गोजिरवाणं पिल्लू. "पाच वर्षांचा आहे" म्हटलं की फोन बंद. शेवटी तांबरमचं एक कुटुंब तयार झालं. भली माणसं, मोठं अंगण. बंडूला सोडून येताना पल्लवी वाटभर रडली.

चौथ्या दिवशी त्या गृहस्थांचा फोन. "सार, नाय केक्कवे माट्टेंगुदु!"

नाय म्हणजे कुत्रा, एवढं तमिळ मला येतं. कुत्रा ऐकतच नाही!

"ऐकत नाही म्हणजे?"

"म्हणजे बहिरा आहे, सार! बस म्हटलं तर बसत नाही, ये म्हटलं तर येत नाही. जेवण वाढलं की ताटासमोर बसून नुसता आमच्या तोंडाकडे बघतो! आम्ही 'साप्पिडु, साप्पिडु' म्हणून थकलो. आमची पाठ वळली की मग खातो."

माझा बंडू? बहिरा? मी तडक त्याला परत आणला, डॉक्टरांकडे नेला. त्यांनी मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. बंडूने गर्रकन मान वळवली. "याचे कान तुमच्याहून चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले.

मग मी काय निष्कर्ष काढला असेल? तांबरमच्या माणसांना कुत्रं सांभाळता येत नाही! आता बघाच, म्हटलं. पुढच्या माणसाची कसून परीक्षा घेतल्याशिवाय माझा बंडू देणार नाही.

पुढचा माणूस म्हणजे मैलापूरचे श्रीनिवास राव. निवृत्त शिक्षक. त्यांनी इंग्रजीत मेसेज केला होता, 'आम्ही दोघं सत्तरीचे. पिल्लू आम्हाला झेपायचं नाही. वयाने पोक्त कुत्राच हवा.' राव म्हणजे आंध्रचे असणार, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी आम्ही बंडूला घेऊन गेलो. कपाळावर गंध लावलेले आजोबा, काठापदराच्या लुगड्यातल्या आजी, वाफाळती फिल्टर कॉफी. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये परीक्षा सुरू केली. कोण फिरवणार? किती वेळा? आजारी पडला तर? आजोबा शांतपणे इंग्रजीत उत्तरं देत होते.

आता आमची एक वाईट सवय सांगतो. चेन्नईत मराठी ही आमची गुप्त भाषा! रिक्षात, दुकानात, लिफ्टमध्ये, समोरच्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच बोलायचं. चेहरा मात्र हसरा ठेवायचा.

मी हसऱ्या चेहऱ्याने पल्लवीला म्हणालो, "अगं, हे आजोबा दारातून खुर्चीपर्यंत येताना दोनदा टेकले. हे बंडूला फिरवणार, की बंडू यांना?"

पल्लवी त्याहून गोड हसत म्हणाली, "आजी बघ ना कशा खडूस! अजून एकदाही हसल्या नाहीत. बंडूला धाकात ठेवतील."

"कॉफी संपव. तुझ्या आईची तब्येत बिघडली म्हणू आणि सटकू."

"माझ्याच आईची का? तुझ्या आईची सांग!"

"बरं बाबा, माझ्या!"

आजोबा मान डोलावत होते. आजी उठल्या, आत गेल्या आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक इडली घेऊन आल्या. बंडूच्या पुढ्यात ठेवली. बंडू बसला. लाळ सुरू. नजर आजींच्या तोंडावर.

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "घे रे बाळा, घे."

गप्पकन इडली गायब!

"पाहिलंस?" मी पल्लवीला म्हणालो. "कसा शहाण्यासारखा..." आणि एकदम माझ्या ध्यानात आलं. घे? घे?!

आजोबांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "सासूबाईंची की मातोश्रींची? प्रकृती नेमकी कोणाची बिघडली, तें तुमचें ठरलें काय?"

मराठी जुनी, सूर पक्का तमिळ! पल्लवीने पदर नव्हता म्हणून ओढणीत तोंड लपवलं. मला तर ओढणीही नव्हती.

"आम्ही तंजावरचे," आजोबा म्हणाले. "पिढ्या झाल्या, घरांत मराठीच बोलतों. तुम्ही बोलूं लागलां, मी सांगणार होतों. हिनें खुणाविलें, थांबा, गंमत पाहूं."

आणि खडूस आजी पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बैस रे," त्या बंडूला म्हणाल्या. बंडू बसला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मापासून चेन्नईच्या रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला मी जे काही शिकवलं, ते सगळं मराठीत! बिचारे तांबरमचे लोक चार दिवस त्याच्याशी तमिळ बोलत होते, आणि तो बिचारा 'घे'ची वाट बघत होता. मी तिथूनच त्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "परवायिल्लै, सार." असू द्या, म्हणाले. अशा माणसांना कुत्रं सांभाळता येत नाही म्हणून मी मोकळा झालो होतो!

"आतां आम्ही विचारूं?" आजोबा म्हणाले. "हा भितो कशास?"

"फटाक्यांना."

"निजतो कोठें?"

"हिच्या पायाशी," म्हणत मी बंडूचा पट्टा उगाच सारखा केला. आजींनी माझ्यासमोर आणखी एक कॉफी ठेवली. बंडू त्यांच्या पायाशी जाऊन आडवा झाला, फाटका कान जमिनीला टेकवून. इतका निवांत तो आमच्या घरीसुद्धा पहिल्या दिवशी झोपला नव्हता.

निघताना आम्ही दोघं दोघांच्याही पाया पडलो. आजोबा दारापर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या मुक्या जिवास तुम्ही वळण फार उत्तम लाविलें हो. तुम्हांस मात्र कोणी लाविलें नाहीं."

शिक्षकाच्या तोंडून मिळालेली ही शाबासकी मी आजही सगळ्यांना छाती फुगवून सांगतो. फक्त पहिलं वाक्य.