रुखवतातली काळी मखमल

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. आजही तशीच आहे... एक गोष्ट सोडून.

१९७६ साल. सोलापुरात साखर पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. माझं लग्न ठरलं होतं, सासर बार्शीचं. मी दीड वर्षाची असताना आई गेली. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मला वाढवलं मावशीनं. आईची म्हणून एकच वस्तू उरली होती, काळ्या मखमलीचा तुकडा. मी हट्टच धरला — त्यावर चित्र काढायचं आणि रुखवतात मधोमध मांडायचं. आई नाही तर निदान तिची मखमल तरी लग्नात हवी.

"काळं कशाला गं लग्नात? लोकं नावं ठिवतील की!" मावशी म्हणाली.

"ठेवू देत."

वेल्वेट पेंटिंगचा क्लास लावला. तिथले राजहंस, गुलाबी कमळं, परातीएवढा चंद्र बघून आधी हसूच आलं. काय तो भडकपणा! पण माझ्या हातून काळ्यावर पहिला पांढरा पंख उमटला आणि मी त्या ध्यानाच्या प्रेमातच पडले.

चित्र काच लावून आणलं. लग्नाच्या आदल्या दुपारी बघते तर चंद्राखाली मखमलीची लव उलटी फिरलेली... कुणी हात टेकवल्यासारखा पंजा. काचेच्या आत! फ्रेमवाल्याचाच हात लागला असणार. चिडून मागचा पुठ्ठा काढला, लव नीट बसवली, खिळे ठोकले. चहा पिऊन येते तर पंजा जागच्या जागी. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच!

शेवटी मावशीला हाक मारली. ती वाकून बघत राहिली आणि तिनं काचेवर बोट ठेवलं.

"करंगळी बग... अर्दीच हाय."

"म्हणजे?"

"अक्काची गं, तुज्या आईची. कापडाच्या मागात सापडून तुटली हुती. तुला कंदी बोल्ले न्हाय मी."

डोळे पुसून तिनंच ते चित्र रुखवतात मधोमध मांडलं.

लग्न लागलं. निघताना चित्र उचललं तर लव सगळी सरळ. खिळे जसेच्या तसे. मी ढसाढसा रडले.

"रडती कशाला?" मावशी म्हणाली. "लगीन बगून गेली की ती."

कुणी म्हणतं दमट हवा, कुणी म्हणतं कापडाची घडी. घडीला बोटं फुटतात का, आणि त्यातलं एक अर्धं? माझ्या लग्नाला माझी आई हजर होती, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.